अव्वल

नाव त्याचं एवाल्ड.
गोळीबार चौकात ते कोणाच्या तोंडात बसेना,
म्हणून आम्ही त्याले अव्वल म्हणत होतो.
त्याले ते आवडलं, का समजलंच नाई,
देव जाणे.

खापरखेड्याच्या पॉवर हाऊसात टर्बाइन बसवाले आलता.
सत्तावन साल. का अठ्ठावन.
डावा गुडघा पुरता सरळ होतच नव्हता,
शिडी चढताना पाय हातानं उचलून पायरीवर ठेवे,
सामान ठेवल्यावानी.

स्टोअरकीपर निखाऱ्यायले इंग्रजी येत होतं,
अव्वलले थोडं.
बाकीचं त्यानं माचिसच्या काड्यायनं सांगितलं,
चायच्या टपरीवरच्या बाकड्यावर.

ही काडी म्हणजे कोळशाच्या खाणीचं गाव.
ही त्याचा बाप. खाली गेला, वर आला नाई.
इथं मैदान होतं, मग त्यावर बॉम्ब पडले,
पोट्ट्यायनं खड्डे बुजवले घरायच्याच विटायनं,
एक खड्डा कोपऱ्यात तसाच राहून गेला,
कॉर्नर मारायचा तर आधी त्यात उतरा.

सोळाव्या वर्षी पहिला सामना.
तिकडे पैशाले किंमत नव्हती तेव्हा,
एका गोलाची मजुरी आलूची एक थैली.
त्यानं दोन मारले.
माय दारातच बसली, थैल्यायवर हात ठेवून,
कितीतरी वेळ सोलाले उठलीच नाई.

मग चार हंगाम. एकसष्ट गोल.
हा आकडा त्यानं काड्यायनं नाई मांडला,
सांडलेल्या चायमध्ये बोटानं लिहिला.
देशाच्या टीमचं बोलावणं आलं, एक कागद, एक शिक्का,
आणि त्याच आठवड्यात, बर्फाच्या चिखलात,
कोणाचा तरी बूट. इथं.
त्या साली त्याच्या देशानं जग जिंकलं.
अव्वल दवाखान्यात.
नर्सनं वॉर्डातला रेडिओ मोठा केला,
तर म्हणे सगळे उठून उभे राहिले,
ज्यायले पाय होते ते.

आता मोतीबागेचं सांगतो.
मे महिना, संध्याकाळचे पाच, माती अजून तव्यावानी.
पॉवर हाऊसच्या विरुद्ध आम्ही कोष्टी पोट्टे, सगळे अनवाणी.
मी गोलात.
दिवसभर मागावर धोटा फेकणारा माणूस मी,
डाव्या हातानं काय सोडलं
ते उजव्याले आधीच माहीत असे,
तीच माझी प्रॅक्टिस.

आमचे पाय पाहून अव्वलनंही बूट काढले.
तळवे भाजले तसा नाचला, लोक हसले.
मग तासभर नुसता उभा.
शेवटी एक बॉल आला, कमरेएवढा.
गुडघा त्यानं हलवलाच नाई.
सगळं अंग फिरलं,
बिजागरीवर दार फिरते तसं, सावकाश,
आणि दार लागल्याचा आवाज आला.

मी बरोबर बाजूले गेलतो.
हे लिहून घ्या. बरोबर बाजूले.
करंगळी लागली. म्हणजे नख.
जाळी नव्हती, बॉल सरळ पानठेल्यापर्यंत गेला.

तो धावला नाई, ओरडला नाई.
लंगडत निखाऱ्यायजवळ आला,
हात पुढे केला, काईतरी बोलला.
काय म्हणते, मी विचारलं.
निखारे म्हणे, आलू मागून राहिला.

कोणीतरी पळत जाऊन चार आण्याचे आलूभजे आणले.
त्यानं एक तळहातावर घेतलं,
तोलून पाहिलं, खाल्लं नाई बराच वेळ.
मग तेलाच्या बोटानं पेपरच्या तुकड्यावर
लिहिलं, बासष्ट.

माझं नख काळं पडलं, आषाढात गळालं.
नवं आलं ते वाकडं.
टर्बाइन बसलं, तो गेला.
पॉवरलूम आले, आमचे मागही गेले.

नातू मोबाइलवर शोधते.
आबा, एकसष्टच लिहिले हायेत इथं.
मी करंगळी पुढे करतो, पाहा म्हणतो.
तो हसते.
म्हणते, तुमच्यावर झालेला गोल
कायले सांगत फिरता लोकायले?

आता त्याले
आलूचा भाव काय सांगू.